काकांचे बारा लाख, पुण्याचा क्लास आणि कापसाची वही

«ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. यंदा बी.एस्सी. झाले. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र हे विषय होते, ६८ टक्के मिळाले. आम्ही ओबीसी. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. धाकटा भाऊ अकरावीत. बाबा म्हणतात, 'पोरीच्या जातीले मास्तरकी बरी, बी.एड. कर.' काका म्हणतात, एका संस्थेत ओळख आहे, बारा लाख लागतील, दोन एकर विकू पण पोरगी कायमची लागेल. मैत्रीण पुण्यात फुल स्टॅकचा, म्हणजे वेबसाइट आणि ॲप बनवण्याचा, क्लास करते, फी ८५ हजार, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. मला शिकवायला आवडतं, गल्लीतल्या दहावीच्या पोरांना गणित शिकवते. कॉम्प्युटरही आवडतो, पण कॉलेजात लॅबमध्ये आठवड्यातून एकदाच बसायला मिळायचं. इंग्रजी कच्चं आहे. त्यात आता सगळे म्हणतात, एआयमुळं कॉम्प्युटरवाल्यांच्याच नोकऱ्या जाणार. मी काय करू?»

पोरी, आधी त्या दोन एकरांचं बोलू. ते विकायचे नाहीत. बाकी सगळ्यावर चर्चा होऊ शकते, यावर नाही.

तुझे काका मनानं वाईट असतील असं नाही. त्यांच्या तरुणपणी आपल्या भागात नोकऱ्या अशाच लागायच्या, आणि लागलेल्यांची पक्की घरं त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण २०१७ पासून राज्यातली शिक्षकभरती 'पवित्र' या सरकारी पोर्टलवरून होते. शाळा जिल्हा परिषदेची असो की खाजगी अनुदानित, उमेदवार पुढं येतो तो शिक्षक अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर. खाजगी संस्थेला मुलाखत घेता येते, पण पोर्टलवरून आलेल्या नावांचीच. मग काकांचे बारा लाख नेमके कशाचे? मागच्या दारानं आत घेतलं तरी पुढं शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, पगार निघायला शालार्थ आयडी, म्हणजे सरकारच्या पगार-प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक, लागतो. याच आयडीचा बोगस कारभार २०२५ मध्ये नागपूर विभागात उघडकीस आला आणि अटका झाल्या, हे काकांनी पेपरात वाचलं असेलच. पैसे देऊन लागलेल्या माणसाला तक्रारीचीही सोय नसते. कुणाविरुद्ध करणार, आणि पावती कुठली दाखवणार?

बी.एड.ला माझा विरोध नाही. मी विरोध करतेय तो 'बी.एड. केलं की मास्तरीण झाली' या हिशोबाला. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. सहावी ते आठवीला शिकवायचं तर त्यावर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर: १५० गुण, त्यातले ६० तुझ्या गणित-विज्ञानाचे. पास व्हायला खुल्या वर्गाला ६० टक्के, मागास प्रवर्गाला ५५. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, हे एक बरं झालं. पहिली ते पाचवीचं दार मात्र बी.एड.वाल्यांना बंद आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच तसा निकाल दिला, तिथं डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., हवं. एवढं सगळं जमवल्यावर येते ती २०० गुणांची अभियोग्यता चाचणी. आणि खरी मेख तिथं आहे. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी २०२३ मध्ये. तिसरी २०२५ मध्ये. पहिली आणि दुसरी यांच्यातली ती पाच वर्षं ज्यांच्या वाट्याला आली, त्यातल्या कितीतरी जणी मी यवतमाळच्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या पाहिल्या आहेत. हुशारी कमी पडली म्हणून त्या थांबल्या नव्हत्या. गाडीच आली नव्हती.

गाडी मिळाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून. मानधन जानेवारी २०२३ पासून वाढलं: प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८, उच्च माध्यमिकला २०. आधी सहा-आठ-नऊ हजार होतं, त्यामुळं आता बरंच म्हणायचं. त्यानंतर मात्र नियमित वेतनश्रेणी, आणि ती खरोखर चांगली आहे. म्हणून बाबांचं म्हणणं चूक नाही. फक्त ज्या नोकरीची जाहिरात कधी येईल ते आपल्या हातात नाही, तिची वाट बघत घरी बसायचं नसतं. ती बाजूला चालू ठेवायची आणि पोटाचं वेगळं बघायचं.

हे मी कुठून बोलतेय तेही सांगते. एम.एस्सी. करून मी तालुक्याच्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवलं, नऊ वर्षं, सीएचबीवर. सीएचबी म्हणजे तासाचे पैसे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळा, परीक्षेचे दिवस, यांचे पैसे नाहीत. वर्षाचं बिल एकदा निघायचं, तेही पुढच्या वर्षी. गावात मात्र मी 'प्रोफेसर मॅडम'. किराणा दुकानदार उधारी द्यायचा ती त्या नावावर. शिकवण्यातला आनंद खरा होता, खोटं कशाला बोलू. पण तिसाव्या वर्षी दातांच्या उपचाराला भावाकडून पैसे मागितले त्या दिवशी डोकं ठिकाणावर आलं. एकतिसाव्या वर्षी नागपुरात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी धरली, माझ्याच दोन माजी विद्यार्थिनींच्या हाताखाली. लाज आठवडाभर वाटली, मग पगार झाला.

तर माझा सल्ला: बी.एड.च्या आधी एमसीए, म्हणजे संगणकाची पदव्युत्तर पदवी, कर.

कारण सांगते. तू शिकवणं की संगणक असं विचारलं आहेस, आणि एमसीए ही अशी पदवी आहे की दोन्हीकडं चालते. कंपनीत जायचं तर ती लागतेच असं नाही, पण बी.एस्सी.पेक्षा जास्त ठिकाणी फॉर्म भरता येतो, आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या भेटतात, ज्या तालुक्याच्या कॉलेजात फिरकतही नाहीत. शिकवायचं तर एमसीएवर नेट आणि सेट या कॉलेजात शिकवण्याच्या पात्रता परीक्षा देता येतात. केंद्रीय विद्यालय, नवोदय यांच्या संगणकशास्त्राच्या पीजीटी (अकरावी-बारावीच्या शिक्षक) पदांना एमसीए चालते, बी.एड. आणि बाकीच्या अटी त्या-त्या जाहिरातीत ओळ न् ओळ वाचायच्या. जवळपास प्रत्येक तालुक्यात आयटीआय आहे आणि तिथं कोपा नावाचा एक वर्षाचा संगणकाचा ट्रेड असतो, त्याला शिकवणारे निदेशक लागतात. हे शेवटचं दार आपल्याकडच्या पोरींना दिसतच नाही, कारण आयटीआय म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढं वेल्डिंग येतं. आणि बी.एड. कुठं पळून जात नाही. एमसीएनंतरही वाटलं, तर कर.

पूर्वी एमसीए तीन वर्षांचं होतं, २०२० पासून दोनच. बारावीला किंवा पदवीला गणित हवं, ते तुझं आहे. राज्याच्या सीईटी सेलची एमसीए-सीईटी द्यायची आणि प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतूनच घ्यायचा. 'कॅपमधूनच' या शब्दाखाली लाल रेघ मार. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणं ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खाजगी कॉलेज असलं तरी. पण मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस की ही माफी गेली. एखादा एजंट 'सीईटी कशाला, थेट ॲडमिशन करून देतो' म्हणाला तर समज, तो तुझी फीमाफी विकून स्वतःचं कमिशन काढतोय.

राहण्या-जेवणाला सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं ज्ञानज्योती आधार योजना आहे, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी वगैरे मुलांसाठी. नागपूरची महाज्योती ही सरकारी संस्था ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेव.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र. दरवर्षी चांगले गुण असलेल्या पोरी इथं अडकतात. तुझी वैधता काढलेली आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर हे पत्र वाचून झालं की लगेच कामाला लाग. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांच्या भावाचं, चुलत्याचं बघ. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता आधी झाली असेल तर काम निम्मं होतं. तहसीलला चार चकरा होतील. त्या चकरांना काकांना घेऊन जा. ओळखी त्यांच्या आहेत, त्या इथं वापराव्यात. नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखलाही सोबतच काढून ठेव.

पुण्याच्या क्लासचं थोडक्यात. क्लास वाईटच असतात असं नाही. पण 'शंभर टक्के प्लेसमेंट' कागदावर लिहून मागितलं की त्याचं 'प्लेसमेंट असिस्टन्स' होतं, म्हणजे ते तुझा बायोडाटा चार ठिकाणी पाठवतील, बस. फी हप्त्यानं भरता येईल म्हणतात तेव्हा बहुतेकदा तुझ्या किंवा बाबांच्या नावानं फायनान्स कंपनीचं कर्ज निघालेलं असतं. क्लास आवडला नाही, सोडला, बंद पडला, तरी हप्ता चालू. मैत्रिणीला एकच विचार: तिच्या आधीच्या बॅचमधल्या किती जणी आज कामाला आहेत आणि त्यांच्याशी फोनवर बोलता येईल का. आणि नोकरी देण्यासाठी पैसे मागणारी कंपनी, मग ती डिपॉझिट म्हणो की ट्रेनिंग चार्ज, त्या मेलला उत्तरही देऊ नकोस.

ते जे शिकवतात त्यातलं बरंचसं तुला घरी बसून फुकट शिकता येतं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, दहा-दहा मिनिटांचे. त्यातले बरेच मराठीतही आहेत, पायथन, जावा, सी. भाषेची भीती असणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. मग एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम: व्हिडिओ फुकट, दर आठवड्याला स्वाध्याय, आणि प्रमाणपत्र हवं असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा. समोर बसून दिलेली परीक्षा असल्यामुळं त्या प्रमाणपत्राला किंमत आहे. लॅपटॉप जुना चालेल. ८ जीबी रॅम आणि एसएसडी बघ; नागपुरात पंधरा-अठरा हजारांत मिळून जातो. बॅटरी मात्र तपासून घे, कारण लाइन कधी जाईल ते आपल्याकडं कुणी सांगू शकत नाही.

पण नुसते व्हिडिओ पाहून कुणी प्रोग्रामर झालेलं मी पाहिलं नाही. काहीतरी करावं लागतं. मुलाखतीला येणारी दहापैकी आठ मुलं 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' घेऊन येतात, सगळी एकाच ठिकाणाहून उतरवलेली. तुझ्या घरात त्याहून भारी प्रोजेक्ट पडला आहे.

कापूस वेचणीची वही.

तुझी आई किंवा बाबा कुठल्यातरी जुन्या वहीत लिहीत असतील: कोण आलं, किती किलो वेचला, कुणी किती उचल घेतली, बाजाराच्या दिवशी कुणाचा किती चुकारा झाला. हे संगणकावर आणायचं तर पहिल्यांदा वाटतं, एक तक्ता पुरे. बसून बघ, पुरत नाही. मजुरांचा एक तक्ता: नाव, गाव, फोन. रोजच्या वेचणीचा दुसरा: तारीख, कुणी, किलो. उचलीचा तिसरा: तारीख, कुणाला, किती. प्रत्येक मजुराला एक क्रमांक, आणि बाकीच्या दोन तक्त्यांत नावाऐवजी तो क्रमांक. नाहीतर 'शांताबाई' आणि 'शांता बाई' या दोन वेगळ्या बाया होतात आणि शनिवारी भांडण.

आता भाव कुठं लिहायचा? मजुराच्या तक्त्यात लिहिलास तर फसलीस. पहिल्या वेच्याला बोंडं भरगच्च असतात, किलोचा भाव एक असतो. शेवटच्या फरदडीला, म्हणजे हंगाम संपत आल्यावर उरल्यासुरल्या बोंडांच्या वेचणीला, दिवसभर फिरून पदरात थोडंच पडतं, तेव्हा भाव चढतो. मजुराच्या तक्त्यातला भाव बदललास की मागच्या महिन्याचे झालेले हिशोबही बदलून बसतात. म्हणून भाव त्या दिवसाच्या वेचणीच्या नोंदीसोबत राहायला हवा. पुस्तकात याला नॉर्मलायझेशन वगैरे नावं आहेत आणि ती पाठ केलेली मुलं मुलाखतीत पहिल्या उलट प्रश्नाला गप्प होतात. तू गप्प होणार नाहीस, कारण चुकीचा हिशोब झाला तर काय होतं ते तू अंगणात पाहिलं आहेस.

हे तीन तक्ते एसक्यूएलमध्ये, म्हणजे तक्त्यांना प्रश्न विचारायच्या भाषेत, कर. मग प्रश्न विचार: या आठवड्यात कुणाचा किती चुकारा, उचल वजा जाऊन? एकरी किती किलो आला? वेचणीचा खर्च क्विंटलमागं किती पडला? पुढं पायथनमध्ये त्यावर छोटी स्क्रीन बनव आणि सगळं गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, ठेव, मजुरांची खरी नावं आणि फोन काढून. दोन-तीन महिन्यांचं काम आहे. टेस्टिंग, डेटा ॲनालिसिस, बॅकएंड, नवख्या माणसाला जिथून आत शिरता येतं त्या सगळ्या ठिकाणी हे दाखवता येतं. नागपूरला मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची केंद्रं आहेत, त्यामुळं पहिल्याच झटक्याला पुणं गाठायची गरज नाही. एमसीएचं काही कारणानं जमलं नाही तर विप्रोची एक योजना बघून ठेव: बीसीए, बी.एस्सी. झालेल्यांना नोकरीत घेतात आणि सोबत एम.टेक. करवतात. करार लांबचा असतो, सही करण्याआधी पूर्ण वाच.

एआयचं भय मी हसण्यावारी नेणार नाही. नवख्यांना दिलं जाणारं साधं काम, फॉर्म बनव, तोच तो कोड लिही, हे ती यंत्रं भराभर करतात, आणि कंपन्या त्या कामाला माणसं घेताना आता दोनदा विचार करतात. पण परवा मी गंमत म्हणून एका एआयला हाच वेचणीचा प्रश्न घातला. तक्ते सुबक बनवले, इंग्रजी माझ्याहून चांगलं, आणि भाव लिहिला मजुराच्या तक्त्यात. त्याला फरदड माहीत नव्हती. मी सांगितल्यावर लगेच दुरुस्त केलं, माफीही मागितली. सांगणारं माणूस लागलं ना पण? ते वापरायला शीक, त्याच्याकडून समजून घे, फक्त पहिला विचार कागदावर स्वतः कर आणि मग त्याचं तपास.

इंग्रजीला क्लास लावू नकोस. रोज रात्री दहा मिनिटं तो वेचणीचा प्रोजेक्ट इंग्रजीत समजावून सांगत फोनवर रेकॉर्ड कर आणि सकाळी ऐक. पहिला आठवडा ऐकवणार नाही. मुलाखतीत सुरुवातीलाच येणारा प्रश्न 'तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा' हाच असतो, एवढं एक चोख आलं की जीव थाऱ्यावर येतो आणि पुढचं सुचतं.

दहावीच्या पोरांचं शिकवणं सोडू नकोस. फी घेत नसशील तर घ्यायला लाग. शंभर-दोनशे का होईना. फुकट शिकवणारीचा तास पालक केव्हाही रद्द करतात. त्यातलीच दोन-तीन पोरं घेऊन स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रामिंगच्या साध्या भाषेत खेळ बनवून बघ. सीबीएसईच्या शाळांत नववी-दहावीला एआय हा विषय घेता येतो, त्यामुळं संगणक शिकवू शकणारं आणि गणित पक्कं असलेलं माणूस शाळांना लागणार आहे. शिकवणं तुला खरंच आवडतं की फक्त जवळचं म्हणून आवडतं, हेही वर्षभरात कळेल. दोन्हींत फरक असतो, मला नऊ वर्षं लागली.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना 'मास्तरकी नको' असं सांगायचंच नाही, 'आधी दोन वर्षं एमसीए, फी माफ, मग बी.एड.चं बघू' एवढंच. आणि वही त्यांच्याच हिशोबाची आहे, तेव्हा प्रोजेक्टचे पहिले परीक्षक तेच. दसरा झाला की वेचणी सुरू होईल. शेतात सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, व्हायच्या आत ते तीन तक्ते तयार ठेव.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगितलेली नाही. सकाळी एका शेतात पहिला वेचा आणि दुपारून त्याच बाया दुसऱ्या शेतात, वेगळ्या भावानं. एकाच तारखेला एकाच मजुराच्या दोन नोंदी. तेव्हा तुझ्या दुसऱ्या तक्त्यात काय वाढवशील, ते पुढच्या पत्रात कळव. आणि जात वैधतेचा अर्ज भरल्याची तारीखही.